राजीनाम्याआधी रजेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका खासगी कार्यालयात, जिथे चाळीसेक माणसं आहेत, तुम्ही हिशेबनीस म्हणून २२ जानेवारी २०२४ ला रुजू झालात आणि ३१ जानेवारी २०२६ ला नोकरी सोडली. पगार १९,५०० रुपये, ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कापली जाते, आठवड्याची सुट्टी रविवारची. कंपनीचं म्हणणं: वर्षाला सगळ्या मिळून १२ रजा, उरलेल्या ३१ डिसेंबरला लॅप्स, शनिवार-सोमवार रजा घेतली तर मधला रविवारही रजेत, आजारपणाची वेगळी रजा नाही, आणि शेवटचा हिशेब ४५ दिवसांनी. शिवाय तुमच्या गरोदर सहकारी मैत्रिणीला सांगितलंय की नोकरीला वर्ष झालेलं नाही, म्हणून पगारी रजा नाही.

यातली एक गोष्ट कंपनी बरोबर सांगते आहे. ती कोणती, ते पुढे येईल. बाकीच्या चुकीच्या आहेत.

आधी तुम्हाला कोणता कायदा लागू होतो ते पाहू, कारण रजेच्या बाबतीत निम्मा गोंधळ इथेच होतो. इंटरनेटवर कारखाने अधिनियमाचं रजेबद्दलचं कलम ७९ वाचून लोक ते कार्यालयात घेऊन येतात. तुमचं कार्यालय कारखाना नाही. महाराष्ट्रात दुकानं, कार्यालयं, हॉटेलं, आयटी कंपन्या यांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू होतो, म्हणजे आपण ज्याला सवयीने 'गुमास्ता' म्हणतो तो. मूळ कायद्यात १० कामगारांची मर्यादा होती. २०२५ मध्ये राज्य सरकारने ती २० वर नेण्याचा निर्णय घेतला. तुमच्याकडे चाळीस माणसं आहेत, त्यामुळे हा वाद तुम्हाला लागू नाही. दहा-बारा जणांच्या ऑफिसात काम करणाऱ्यांनी मात्र हे नीट तपासून घ्यावं.

याच्या जोडीला २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. रजेसाठी त्यातली महत्त्वाची म्हणजे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२०. ही १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. कारखाने अधिनियम तिच्यात विलीन झाला, पण राज्याचा दुकाने कायदा रद्द झालेला नाही. तुमचा शेवटचा दिवस या तारखेनंतरचा आहे आणि हे तुमच्या फायद्याचं आहे. कसं, ते खाली.

तुम्ही 'कामगार' आहात का? एचआरवाले हमखास म्हणतात, 'अहो, तुम्ही स्टाफ, वर्कर नाही.' दुकाने कायद्यात अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कार्यचालनाचं किंवा कारकुनी काम करणारा प्रत्येक जण कामगार आहे. हिशेबनीस म्हणजे कारकुनी काम. वगळलेले कोण, तर गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय पदावरचे. आणि इथे एक बारीक अट आहे, जी फार थोड्या कंपन्या पाळतात: अशा पदांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर, ते नसेल तर दर्शनी जागी लावायची आणि तिची प्रत सुविधाकाराला, म्हणजे पूर्वीच्या निरीक्षकाला, द्यायची. तुमचं पद त्या यादीत असल्याचा दावा कोणी केला तर यादी दाखवा म्हणा. नव्या संहितेत १८,००० रुपयांचा आकडा आहे, त्यावरूनही लोक घाबरतात. तो आकडा फक्त पर्यवेक्षकांसाठी आहे. कारकुनी किंवा तांत्रिक काम करणाऱ्याचा पगार ८०,००० असला तरी तो कामगारच राहतो.

आता मूळ हिशेब. दुकाने कायद्याच्या कलम १८ प्रमाणे तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत. पहिली, वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा, सीएल. ती तिमाहीला खात्यात जमा होते आणि वर्षअखेर खरंच लॅप्स होते. दुसरी, अर्जित रजा, जिला आपण पीएल किंवा हक्काची रजा म्हणतो. एका कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक दिवस, आणि ती पुढच्या वर्षी वापरायची. तिसरी, ८ पगारी सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि चार सणांच्या, ज्या वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या.

म्हणजे 'वर्षाला एकूण १२ रजा' हे धोरण मुळातच कायद्याच्या खाली आहे. कंपनीला कायद्यापेक्षा जास्त देता येतं, कमी नाही. नेमणूकपत्रावर तुमची सही असली तरी नाही. सहीचा मुद्दा मला वारंवार ऐकावा लागतो, म्हणून स्पष्ट लिहितो: कायद्याने दिलेला किमान हक्क करारात सोडून देता येत नाही.

तुम्ही दिलेल्या हजेरीनुसार २०२४ मध्ये २८० आणि २०२५ मध्ये २८८ दिवस काम भरलं. २८० भागिले २० म्हणजे १४. २८८ भागिले २० म्हणजे १४.४, तेही १४ धरू. एकूण २८ दिवस अर्जित रजा. आता घेतलेल्या रजा. २०२४ मध्ये तुम्ही ८ घेतल्या. त्या वर्षी अर्जित रजा अजून हातात आलेलीच नव्हती, ती २०२५ मध्ये मिळायची होती, त्यामुळे त्या आठ किरकोळच. २०२५ मध्ये कंपनीने ८ वजा केल्या, पण त्यातले दोन रविवार आहेत. खऱ्या रजा ६. त्याही किरकोळ रजेच्या आठात बसतात. कंपनी म्हणेल, आम्ही त्या पीएलमधून कापल्या. बरं, तसंच धरू. तरीही २८ वजा ६, २२ उरतात. म्हणजे वाद २२ आणि २८ यांच्यामधला आहे. शून्याचा प्रश्नच नाही.

लॅप्सचं काय? दुकाने कायद्यात अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, नव्या संहितेत ३० दिवसांपर्यंत पुढे नेता येते. तुमची २८ दोन्ही मर्यादांच्या आत आहे. ३१ डिसेंबरला ती मरत नाही. लॅप्स होणारी फक्त सीएल. एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकाच रकान्यात टाकल्या की १ जानेवारीला सगळंच शून्य दिसतं, आणि मग ते शून्यच नियम म्हणून सांगितलं जातं.

सँडविच रजेबद्दल, म्हणजे दोन रजांच्या मधला रविवारही रजेत धरण्याबद्दल. कारखाने अधिनियमात अर्जित रजेत मधली, आधीची किंवा नंतरची सुट्टी धरायची नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि नव्या संहितेतही तीच तरतूद आहे. शनिवार-सोमवार पीएल टाकली तर दोनच दिवस जातात. किरकोळ रजेबाबत कायदा या मुद्द्यावर काही सांगत नाही, तिथे कंपनीच्या नियमाला थोडी जागा आहे. पण कंपनीने स्वतःच तुमच्या रजांना पीएल म्हटलं असेल, तर ती जागाही तिने स्वतः बंद केली.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि मी हा नीट वाचायला सांगेन. राजीनामा दिल्यावर शिल्लक रजेचे पैसे मिळतात का?

दुकाने कायद्याची भाषा इथे आखडती आहे. मालकाने काढून टाकलं तर शिल्लक अर्जित रजेचा पगार द्यावा लागतो. पण कामगार स्वतः सोडून गेला तर? कायदा म्हणतो, रजा मागितली होती, ती नाकारली गेली आणि मग त्याने नोकरी सोडली, तर द्यावा लागतो. 'मागितली होती' हे शब्द निर्णायक आहेत. तोंडी मागितली आणि साहेब म्हणाले 'मार्च संपू दे', याचा पुरावा कुठेच नसतो. याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे: १५ दिवस आधी अर्ज करून मागितलेली रजा मालकाने नाकारली, तर ४५ च्या वरची रजा रोखीत घ्यायचा हक्क कामगाराला मिळतो. कारखान्यातही तसंच होतं, नियमानुसार अर्ज करून नाकारलेली रजा कसल्याही मर्यादेशिवाय पुढे जायची. सगळीकडे कळीची गोष्ट एकच, लेखी अर्ज. रजेचा हक्क कायद्याने दिलेला आहे, पण तो वसूल होतो तो अर्जाच्या कागदावर. आपल्याकडे लोक वर्षानुवर्षं रजा मागतच नाहीत, नाकारतील म्हणून. कायद्याच्या नजरेत नाकारलेल्या अर्जाला किंमत आहे, न केलेल्या अर्जाला नाही.

तुम्ही लेखी अर्ज केला नव्हता असं लिहिलंय. नुसता दुकाने कायदा असता तर तुमची बाजू लंगडी पडली असती. पण नवी संहिता तुमच्या शेवटच्या दिवशी लागू होती आणि तिच्यात अशी अट नाही. कामगाराला काढलं, त्याने सोडलं, तो निवृत्त झाला किंवा नोकरीत असताना वारला, कोणत्याही कारणाने असो, शिल्लक रजेच्या बदल्यात पगार द्यायचा. सोडताना त्या वर्षाचे ठरलेले दिवस भरलेले नसले तरी काम केलेल्या दिवसांच्या प्रमाणात द्यायचा, म्हणजे जानेवारी २०२६ च्या कामाचाही एक दिवस तुमच्या बाजूला येतो. संहितेत वर्षाला लागणारे दिवसही २४० वरून १८० वर आले आहेत, आणि वर्षअखेर मागणी करून रजा रोखीत घेण्याची सोयही आहे. वर्षभर राबून २३५ दिवस भरले म्हणून एकही पीएल न मिळणाऱ्या कंत्राटी माणसांना या १८० चा किती उपयोग आहे, ते त्यांच्या हजेरीपटावर बसलेल्यालाच कळेल.

दर कसा काढायचा? कारखान्यांसाठीचा जुना नियम असा होता की रजेआधीच्या महिन्यात काम केलेल्या दिवसांची पूर्ण कमाई घ्यायची, महागाई भत्त्यासह, फक्त ओव्हरटाइम आणि बोनस वगळून. म्हणजे नुसत्या बेसिकवर रजेचा पगार काढायची जी पद्धत सर्रास दिसते, तिला तेव्हाही आधार नव्हता. भागाकार २६ ने करा, ३० ने नाही, कारण रजेच्या दिवसात रविवार मोजलेलेच नाहीत. १९,५०० भागिले २६, दिवसाला ७५०. बावीस दिवसांचे १६,५०० आणि अठ्ठावीसचे २१,००० रुपये. आकडा फार मोठा नाही हे खरं, पण तो तुमचाच आहे. कराची चिंता करू नका: नोकरी सोडताना मिळणाऱ्या रजेच्या पैशांवर खासगी कर्मचाऱ्याला २०२३ पासून जास्तीत जास्त २५ लाखांपर्यंत सूट आहे, आणि तुम्ही त्या मर्यादेच्या आसपासही नाही. नोकरीत असताना रोखीत घेतलेली रजा मात्र पूर्ण करपात्र असते.

आणि ४५ दिवस? वेतन संहिता, २०१९ प्रमाणे राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. रजेच्या पगारालाही तीच मुदत आहे. '४५ दिवसांत फुल अँड फायनल' हा कंपन्यांनी आपसात रूढ केलेला प्रघात आहे, बाकी काही नाही.

आता कंपनीचं जे बरोबर आहे ते. आजारपणाची रजा महाराष्ट्राच्या दुकाने कायद्यात नाही. लोकांचा यावर विश्वास बसत नाही, कारण सरकारी नोकरीत आणि मोठ्या कंपन्यांत वैद्यकीय रजा पाहिलेली असते. इथे आजारी माणसाची सोय ईएसआयवर टाकली आहे, आणि तुमच्या पगारातून तर दरमहा ०.७५ टक्के कापले जात होते. मालकाचे ३.२५ वेगळे. ही वर्गणी फक्त दवाखान्यासाठी नाही. आजारपणात सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. अट एवढीच की आधीच्या वर्गणी-काळात, म्हणजे ठरलेल्या सहा महिन्यांत, किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. तुम्हाला टायफॉइड झाला जुलै २०२५ मध्ये आणि त्यात अकरा दिवस गेले. जुलै ते डिसेंबर या काळासाठी ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ ची वर्गणी पाहतात, आणि ते सहा महिने तुम्ही पूर्ण भरले आहेत. त्या अकरा दिवसांतले पहिले दोन प्रतीक्षेचे, त्यांचे पैसे मिळत नाहीत. उरले नऊ. ढोबळ हिशेबाने रोजचे ६५० धरले तर ७० टक्के म्हणजे ४५५, नऊ दिवसांचे चारेक हजार. कंपनीने ते दिवस बिनपगारी केले हे बेकायदा नाही. पण ईएसआयला जा हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

आता ते मिळेल का? यासाठी प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरचं लागतं. खासगी डॉक्टरचं प्रमाणपत्र पर्यायी पुरावा म्हणून देता येतं, पण ते मान्य करायचं की नाही हे शाखा कार्यालयाच्या हातात असतं, आणि इतक्या उशिरा ते मान्य होईल याची खात्री मी देणार नाही. रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद आणि रक्ताचे अहवाल असतील तर एकदा प्रयत्न करून पाहा. इतर वाचकांसाठी: २१,००० पर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाने आजारपणाच्या पहिल्या दिवशीच ईएसआय दवाखाना गाठावा, उपचार कुठेही घेतले तरी. आजारपणाचा लाभ घेत असताना मालकाला तुम्हाला कामावरून काढता येत नाही, हा दुसरा फायदा.

तुमच्या मैत्रिणीला वर्ष पूर्ण लागतं हे सपशेल खोटं आहे. प्रसूती लाभासाठी अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम एवढंच लागतं. तिलाही ईएसआय असेल तर मग पैसे कंपनीने द्यायचेच नाहीत, ईएसआय देतं, आणि तिथे आधीच्या दोन वर्गणी-काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते. दोन्हीकडे २६ आठवडे, पूर्ण वेतन, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीपूर्वी. ही वाढ २०१७ पासूनची, त्याआधी १२ आठवडे होते. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडेच. गर्भपात झाला तर ६ आठवडे, आणि गरोदरपणामुळे किंवा प्रसूतीमुळे आजार उद्भवला तर आणखी एक महिना. हे सगळं आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलं आहे. तिला आत्ताच एक काम करायला सांगा: डॉक्टरच्या प्रमाणपत्रासह लेखी सूचना द्या, आणि पोच घ्या. रजेवर असताना काढून टाकणं बेकायदा आहे, पण त्यासाठी ती त्या कारणाने रजेवर होती हे कागदावर असलं पाहिजे. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत कंपनी 'गैरहजर राहिली' असं लिहिते. पोच असली की तो शब्द टिकत नाही.

वडिलांच्या रजेबद्दल कोणी विचारण्याआधी सांगतो: खासगी क्षेत्रासाठी कायद्यात ती नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळते. कंपनी देत असेल तर तिचं कौतुक, हक्क म्हणून मागता येत नाही.

दोन रजा अशा आहेत ज्या कुठल्याच रजेच्या तक्त्यात दिसत नाहीत. एक मतदानाच्या दिवसाची, पगारी, लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३५ब खाली, रोजंदारीवाल्यांनाही. दुसरी लैंगिक छळाच्या तक्रारीची. २०१३ च्या कायद्याप्रमाणे चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीने लेखी मागितलं तर समिती ३ महिन्यांपर्यंत रजेची शिफारस करू शकते, आणि ती तिच्या इतर रजांमधून वजा करायची नाही. अंतर्गत समितीच्या सदस्यांनाच हे माहीत नसतं, तर तक्रारदाराला कुठून असणार.

नोटिस कालावधीत शिल्लक रजा वळती करून लवकर मोकळं होता येतं का, हेही तुम्ही विचारलंय. कामगाराने दिलेल्या नोटिशीबाबत हे करारावर अवलंबून आहे, कंपनी नाही म्हणू शकते. उलट बाजूने कारखाने अधिनियमात स्पष्ट नियम होता: मालक काढून टाकत असेल तर नोटिशीचे दिवस शिल्लक रजेतून खायचे नाहीत.

आता करायचं काय. आधी हजेरीपट आणि रजेच्या नोंदीची प्रत मागा, ईमेलने. तुमचा लॉगिन अजून चालू असेल तर आजच स्क्रीनवरचं सगळं उतरवून घ्या, कारण हा दरवाजा सगळ्यात आधी बंद होतो. पगाराच्या पावत्या आहेतच. मग एक साधं पत्र: रुजू दिनांक, शेवटचा दिवस, दोन वर्षांचे कामाचे दिवस, त्यावरून आलेली रजा, दर आणि रक्कम. कायद्यांची यादी लावू नका, धमकी तर मुळीच नको. हिशेब दिसला की बहुतेक लेखापाल स्वतःच वर बोलतात, कारण बरोबर काय आहे ते त्यांना ठाऊक असतं. २८ दिवस आणि वर जानेवारीचा तो एक मागा, आणि २२ वर कुठे थांबायचं ते आधी मनाशी ठरवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुण्याच्या कामगार आयुक्तालयात सहायक कामगार आयुक्तांकडे त्याच पत्राची प्रत जोडून अर्ज करा. तिथे वकील लागत नाही. वेतन संहितेखालच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे, तुमच्याकडे वेळ आहे. पण 'ना देय' प्रमाणपत्रावर किंवा 'माझी कोणतीही येणी बाकी नाहीत' अशा ओळीच्या कागदावर पैसे खात्यात येईपर्यंत सही करू नका. अनुभवपत्रासाठी सही अडवून धरली, तर सहीखाली 'रजेचा पगार वगळून' एवढे तीन शब्द लिहा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा.